नऊ मिनिटांची रिकामी वाट

त्या चित्रपटात नऊ मिनिटांचा एक प्रसंग आहे. एक बाई सड्यावरच्या, म्हणजे कोकणातल्या उघड्या कातळमाळावरच्या, पायवाटेने एकटीच चालत जाते. पाठीला पिशवी, पायांत साध्या चपला. दोन्ही बाजूंना काळा कातळ आणि वाळलेलं गवत, लांब खाली समुद्राची रेघ. ती कुणाशी बोलत नाही, कारण बोलायला कुणी नसतंच. चालता चालता ती लहान होत जाते, वाट जिथे उतरणीला लागते तिथे क्षणभर थांबून मागे बघते आणि दिसेनाशी होते. ज्यांनी तो चित्रपट पाहिलाय त्यांना बहुतेक हाच भाग आठवतो. मलाही तोच आवडतो. तो चांगला झालाय हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे सांगणार आहे त्यावरून कुणाला तसं वाटणार नाही.

कॅमेऱ्याच्या मागे, जांभ्या दगडाच्या चिऱ्यांच्या ढिगाआड, त्या नऊ मिनिटांत सोळा माणसं उभी होती. त्यांना मी थांबवलं होतं.

माझं बालपण पत्रकांत गेलं. वडील अलोऱ्याला वीजप्रकल्पाच्या वर्कशॉपात कामाला होते आणि वसाहतीतल्या युनियनची पत्रकं लिहिणं त्यांच्याकडे असायचं. मी अक्षरं गिरवली ती उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर. दुसरी बाजू वाचता यायला लागली तेव्हा कळलं की जगात दोन प्रकारची माणसं असतात: ज्यांच्यावर अन्याय होतो ती, आणि जी तो करतात ती. पहिल्या प्रकारात आपण. याबद्दल मला पुढची वीस वर्षं शंका आली नाही. वडील निवृत्त होऊन गणपतीपुळ्याच्या अलीकडे आमच्या गावी, सड्यावरच्या वाडीत राहायला आले आणि मीही कॉलेज संपवून तिथेच आले. गावची शाळा बंद करायला निघाले तेव्हा मी पत्रक काढलं. नळपाण्याची टाकी बांधून वर्षभर कोरडी राहिली तेव्हा दुसरं काढलं. वाडीतले लोक मला माघारी ‘पत्रकवाली’ म्हणत. शेजारची काकी तोंडावरच म्हणे.

वाडीतून खाली डांबरी रस्त्यापर्यंत जायला ही एकच सरळ वाट. सडा ओलांडून उतरलं की वीस मिनिटांत एसटीचा थांबा, शाळा, दवाखाना, रेशनचं दुकान. गाडीरस्त्याने फेरा घालून गेलं तर तास लागतो. गावनकाशात ही वाट नाही. कोकणातल्या कितीतरी वाटा तशाच आहेत. लोक पिढ्यान्‌पिढ्या चालत आले म्हणून त्या वाटा आहेत. याला कागदोपत्री वहिवाट म्हणतात, आणि वहिवाट असल्याचा पुरावा म्हणजे चालणारी माणसं, दुसरं काही नाही. दोन्ही बाजूंची जमीन तेव्हा बाहेरच्या एका माणसाने नुकतीच घेतली होती. त्याला आंब्याची बाग करायची होती आणि पुळ्याला येणाऱ्या पर्यटकांसाठी खोल्या बांधायच्या होत्या. गडगा, म्हणजे दगडी कुंपण, घालायला त्याने चिरे आणून टाकले होते. वाटेला मात्र तोवर हात लावला नव्हता.

दिवाळी होऊन गवत पिवळं पडलं तेव्हा चित्रपटवाले आले. मोठा ताफा नव्हता. दिग्दर्शिका, कॅमेरावाला, ध्वनिमुद्रण करणारा, काम करणारी बाई आणि एक ड्रायव्हर. गावातली बोलणी करायला त्यांना कुणीतरी हवं होतं, ते काम मी घेतलं. कथा विचारली तर दिग्दर्शिका म्हणाली, “कथा अशी नाही. एक बाई घरातून निघते आणि किनाऱ्याकिनाऱ्याने वेळणेश्वरापर्यंत एकटी जाते. चालता चालता तिला स्वतःबद्दल काहीतरी उमगतं.”

“काय उमगतं?”

“ते प्रेक्षकांनी ठरवायचं.”

मला राग आला. पहिल्याच दिवशी चहा पिताना मी तिला सुनावलं की एकटं भटकायला मिळणं ही चैन आहे, आमच्या वाडीतल्या बायका रोज हीच वाट चालतात आणि त्यांना काही उमगायला वेळ नसतो, आणि स्वतःचा शोध घ्यायला आधी पोट भरलेलं लागतं. ती शांतपणे ऐकत होती. माझं झाल्यावर तिने विचारलं, “तू कधी एकटी चालली आहेस?”

“रोज चालते.”

“हातात काही न घेता? कुणाकडे काही काम नसताना?”

मी आठवून बघितलं. पत्रकांचा गठ्ठा, अर्जांची पिशवी, रेशन, नाहीतर बरोबर कुणीतरी. रिकाम्या हातांनी मी त्या वाटेवर पाऊल टाकल्याचं मला आठवेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना उजेड बघायचा होता आणि काम करणारी बाई अजून तयार व्हायची होती. दिग्दर्शिका म्हणाली, “तू चाल. फक्त चाल. उतरणीपर्यंत.” मी चालले. सुरुवातीला हातांचं काय करावं कळेना. नंतर कातळावर माझ्याच चपलांचा आवाज ऐकू यायला लागला. गडग्याच्या चिऱ्यावर एक सरडा ऊन खात होता. कुणाला काही पटवायचं नव्हतं, म्हणून डोक्यात वाक्यं जुळत नव्हती. उतरणीशी पोचले तेव्हा पोचले कशी तेच कळलं नाही. परत आल्यावर दिग्दर्शिकेने काही विचारलं नाही, याबद्दल मी अजून तिची आभारी आहे.

म्हणजे त्या नऊ मिनिटांत मला काहीतरी मिळालं होतं, आणि ते पडद्यावर यावं असं मला मनापासून वाटायला लागलं. पुढची चूक त्यातून झाली.

कारण प्रसंग काही होईना. पहिल्या वेळी बाई चालायला लागली तोच मागून काकी आली. काकी रोज सकाळी दुधाच्या दोन किटल्या घेऊन खाली हॉटेलात घालायला जाते. तिने बाईला गाठलं.

“कुणाकडची गो तू?”

बाईला न बोलण्याची ताकीद होती. ती चालत राहिली.

“अगो, विचारतंय मी. वाचा गेली काय?”

कॅमेरा बंद झाला. काकी खाली निघून गेली. थोड्या वेळाने पुन्हा सुरू केलं. बाई निम्म्या वाटेवर असताना काकी दूध घालून परत येत होती. यावेळी तिने काही विचारलं नाही. सरळ बाईच्या पाठीवरची पिशवी ओढून घेतली.

“दे हिकडं. एकटी कुठं चाललंस ओझं घेऊन? चल, तुला गाडीत बसवून येते.”

आणि घराच्या दिशेने निघालेली काकी उलटी वळून तिच्याबरोबर पुन्हा खाली गेली, थेट थांब्यापर्यंत. आमच्याकडे पाहुणी बाई एकटी वाटेला लागलेली कुणी खपवून घेत नाही. वाडीची शीव ओलांडेपर्यंत कुणीतरी सोबत जातंच. ध्वनिमुद्रण करणारा तोंडात रुमाल कोंबून हसत होता. तिसऱ्या वेळी शाळेची पोरं घुसली आणि रांगेने कॅमेऱ्यात बघत गेली. दिग्दर्शिका म्हणाली, “राहू दे. दुसरी जागा बघू.”

“नको,” मी म्हटलं. “उद्या वाट रिकामी मिळेल.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चिऱ्यांच्या ढिगापाशी उभी राहिले आणि वाडीतून येईल त्याला थांबवलं. नऊ शाळकरी मुलं, मासळी आणायला निघालेल्या दोघी, रेशनला निघालेलं एक जोडपं, अंगणवाडीची मदतनीस. एक म्हातारे आजोबा होते, त्यांना रत्नागिरीला डोळे दाखवायला जायचं होतं. आणि काकी.

“किती वेळ गो?” काकीने विचारलं.

“दहा मिनिटं. बोलू नका फक्त.”

“दूध फाटलं तर तुझ्या सिनेमात ओतीन.”

सगळी तयारी धरून अर्धा तास गेला. मुलांची प्रार्थना चुकली. आजोबांची गाडी गेली. ते म्हणाले, “असू दे, उद्या जाईन.” कुणी साहेबाने त्यांना असं थांबवलं असतं, तर संध्याकाळच्या आत मी पत्रक काढलं असतं. त्या दिवशी मला त्यात काही वावगं दिसलं नाही. बाई एकटी चालत गेली, उतरणीशी थांबली, मागे बघितलं. कॅमेरावाला हळूच म्हणाला, “मिळालं.” मला रडू येईल असं वाटलं.

चित्रपट झाला, परदेशात कुठे कुठे दाखवला गेला, मग फोनवर आला. आम्ही वाडीत तो भाड्याच्या पडद्यावर पाहिला. लोक चुळबुळत होते. काकी म्हणाली, “चालली चालली, आणि पोचली कुठं?” तरीही आपली वाट पडद्यावर बघून सगळे खूश होते.

त्यानंतर काही महिन्यांनी बागवाल्याने वाटेच्या तोंडाला लोखंडी फाटक बसवलं आणि साखळी घातली.

यावेळी काय करायचं ते मला ठाऊक होतं. मी पत्रक लिहिलं, वडिलांनी तहसीलदारांकडे मुदतीत अर्ज केला. साखळी राहिली तर मुलांना रोज दोन तासांची पायपीट, आजारी माणसाला खाली नेणं मुश्कील, आणि काकीचं दूध वेळेवर पोचणं संपलंच. सुनावणीला आम्ही वीसेक जण गेलो. मी भाषणाच्या तयारीत होते. बागवाल्याच्या वकिलाने भाषण केलंच नाही. त्याने टॅबलेट काढला आणि चित्रपटातला तो प्रसंग लावला.

नऊ मिनिटं सगळे बघत होते. चपलांचा आवाज आणि वारा.

“सावल्या बघा साहेब,” वकील म्हणाला. “सकाळची वेळ आहे. अर्जदार म्हणतात, शाळेची मुलं, दूध, रेशन, सगळं सकाळी याच वाटेने जातं. कुठे आहे? एक माणूस दिसला का?” मग त्याने दिग्दर्शिकेची एक छापील मुलाखत ठेवली. त्यात ती म्हणाली होती, की ती वाट तिने निवडली कारण तिथे कुणीच नसतं, आणि चित्रपटात काहीही मुद्दाम घडवलेलं नाही.

काकी मागून मोठ्याने म्हणाली, “कुणी नाय कसं? आम्ही सगळी ढिगामागंच होतो की! हिनंच उभी केली होती.” तिला गप्प बसायला सांगितलं. साहेबांनी आम्हाला लेखी म्हणणं मांडायला पुढची तारीख दिली.

घरी येऊन मी लिहायला बसले. दोन पानं एका दमात झाली. शहरी चित्रपटवाल्यांना गावाचं सौंदर्य हवं, गावातली माणसं नकोत, भांडवलदार आणि कलावंत हातात हात घालून कसे चालतात, वगैरे. वडिलांना दाखवलं. ते पेन्सिल घेऊन वाचतात. वाचून झाल्यावर त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला.

“भाषा चांगली आहे.”

“मग?”

“लोकांना कुणी थांबवलं ते यात कुठे आहे?”

“चित्रपटवाल्यांनी.”

“त्यांनी सांगितलं होतं तुला?”

दिग्दर्शिकेने सांगितलं नव्हतं. ती दुसरी जागा बघणार होती.

“पत्रकात आपलं नाव शेवटी येतं, तळाला,” वडील म्हणाले. “जबाबात पहिल्या ओळीत. मी आयुष्यभर पत्रकं लिहिली. जबाब एकदाच द्यावा लागला, आणि तो लिहायला तीन दिवस लागले.” तो कशाबद्दल होता ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

मला दोन गोष्टी करायच्या होत्या. पहिली, दिग्दर्शिकेला फोन. फुकट गेलेली पहिल्या दिवसाची चित्रणं तिच्याकडे असणार होती. त्यांत काकी होती, पोरं होती.

“ती पुसलेली नाहीत,” ती म्हणाली. “पण कळतंय ना तुला, मी काय बोलून बसले आहे? ही चित्रणं बाहेर आली की मी खोटी ठरते.”

“मीही ठरणार आहे. जबाब लिहितेय.”

“तू मला तेव्हा का नाही सांगितलंस, की मागे सोळा माणसं उभी आहेत?”

“तुम्ही मागे वळून बघितलं नाहीत.”

हे मी फटकन बोलले आणि लगेच वाईट वाटलं, कारण मीही त्यांच्याकडे बघितलं नव्हतं. माझेही डोळे चालणाऱ्या बाईवर होते. दिग्दर्शिकेने फोन ठेवला. दोन दिवस काही आलं नाही. तिसऱ्या दिवशी तिन्ही चित्रणं आली, सोबत तिच्या सहीचं पत्र: मुलाखतीतलं विधान अज्ञानातून केलेलं आहे आणि ते मी मागे घेते. तिच्या जागी मी असते तर इतकं सरळ लिहिलं असतं का, माहीत नाही.

दुसरी गोष्ट अवघड होती. त्या सकाळी थांबलेल्यांच्या सह्या हव्या होत्या, मुलांच्या बाबतीत त्यांच्या आईवडिलांच्या. म्हणजे घरोघर जाऊन सांगायचं होतं की तुमची वाट बंद व्हायची वेळ आली त्यात माझाही हात आहे. कुणी रागावलं नाही. रागावले असते तर बरं झालं असतं. मासळीला निघालेल्या दोघींतली एक म्हणाली, “बस, चहा घे.” आजोबांनी सही करायला वेळ घेतला, त्यांना कागद डोळ्यांजवळ धरावा लागत होता. दुसऱ्या दिवशी जाईन म्हणाले होते, पण डोळे दाखवायला ते गेलेच नव्हते. कधी हे, कधी ते, राहून गेलं.

“का थांबलात तेव्हा?” मी विचारलं. “मला ढकलून जायचं होतंत.”

“तू म्हणालीस म्हणून थांबलो,” ते म्हणाले. “तुझ्याजागी दुसरं कोण असतं तर थांबलो असतो काय?”

त्या आठवड्यात मी त्यांना घेऊन रत्नागिरीला गेले. फेऱ्याच्या रस्त्याने, कारण फाटकाला साखळी होती.

जबाब एका पानाचा झाला. पहिल्या ओळीत माझं नाव. त्या सकाळी अमुक अमुक व्यक्ती अमुक कामासाठी या वाटेने निघाल्या होत्या, त्यांना मी माझ्या इच्छेने थांबवलं, त्यामुळे वाट रिकामी दिसते. एकही विशेषण नाही. वडिलांनी पेन्सिल उचलली आणि न वापरता ठेवून दिली.

तहसीलदार स्थळपाहणीला आले तेव्हा चिऱ्यांच्या ढिगावर लॅपटॉप ठेवून ती चित्रणं दाखवली. काकी स्वतःला बघायला पुढे सरसावली. पडद्यावरच्या काकीने बाईची पिशवी ओढली तेव्हा साहेबांसोबत आलेल्या पंचांतले एक जण हसले.

“हसतंस काय?” काकी म्हणाली. “एकटी होती ती.”

वकील म्हणाला, “एकच बाई दोनदा दिसते, साहेब.”

“तीनदा,” काकी म्हणाली. “उलटी पण गेले मी तिच्यासंगती.”

मग शाळेची रांग आली. साहेबांनी माझा जबाब पुन्हा वाचला, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, “हे तुम्ही स्वतः लिहिलंय?” मी हो म्हटलं. ते वाटेने उतरणीपर्यंत चालत गेले आणि परत आले.

महिन्याभराने आदेश झाला. साखळी निघाली. फाटक अजून आहे, पण उघडं, गडग्याच्या चिऱ्याला सुंभाने बांधलेलं. बागवाला वर अपिलात गेला आहे, त्याची तारीख लागायची आहे. तोपर्यंत वाट वापरात राहिली पाहिजे, असं आमच्या वकिलांनी बजावलं आहे. शाळेला सुट्टी लागली की चालणारे निम्मे होतात. म्हणून मी रोज सकाळी जाते. उतरणीपर्यंत आणि परत. पत्रकांचा गठ्ठा घेत नाही. काम असेल ते दुसऱ्या फेरीला करते. कातळावर चपला वाजतात. कधी कधी तो चित्रपट बघून आलेली एखादी मुलगी पाठीला पिशवी लावून भेटते आणि विचारते, हीच ना ती वाट? मी हो म्हणते. जास्त काही सांगत नाही. तिला तिचं चालू द्यावं.

परवा मागून किटल्यांचा आवाज आला. काकी.

“कुठं चाललंस सकाळी सकाळी?”

“कुठं नाही. चालते नुसती.”

“नुसती?” तिने माझे हात बघितले. “मग ही धर.”

आणि एक किटली माझ्या हातात देऊन ती पुढे झाली.